आत्याबाईंचा निकाल

३ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा आणि एक गादीची वळकटी तीन जिने चढवताना जीव मेटाकुटीला आला. पण धाकटी धावत खाली आली आणि वळकटी डोक्यावर घेऊन अशी ठुमकत वर निघाली की हसून हसून माझ्या हातातली बॅग सुटली. आवाज ऐकून शेजारच्या काकूंनी दार उघडलं. धाकटीने तिथल्या तिथे ओळख करून दिली, ही माझी ताई, हिनेच मला लहानाचं मोठं केलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, हो का, बहिणी वाटत नाही हो तुम्ही. यातलं कौतुक कुणाचं होतं ते कळायला फार शहाणपण लागत नाही. असो. पहिल्याच दिवशी नाक मुरडायचं नाही असं ठरवूनच आले आहे.

मागची खोली मला दिली आहे. पलंग, भिंतीतलं कपाट, खिडकीखाली टेबल, नवे निळे पडदे. पुढची उजेडाची खोली धाकटीची. साहजिकच आहे, भाडं ती भरते.

इतकी वर्षं मी बँकेच्या तक्रार-खिडकीमागे बसून लोकांची रडगाणी ऐकली. शाखाच बंद झाली, मीही बंद झाले. आई मामाकडे राहायला गेली, आणि धाकटीने आपल्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. धाकट्या बहिणीच्या वशिल्याने नोकरी! पण नवी जागा, नवं काम, चार पैसे हातात. मी खूश आहे. खरंच आहे.

५ एप्रिल, बुधवार

ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात कापूस उडत असतो, वर पोचेपर्यंत माणूस पांढरा होतो. बाहेर चार टेबलं आणि आत काचेची केबिन. साहेब टकले, मऊ बोलणारे, दिवसभर पेपरमिंट चघळतात. तांत्रिक बाजू बघणारा एक चष्मेवाला आहे, तो स्वतःशीच पुटपुटतो आणि सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी पितो. धाकटी त्या सगळ्यांची लाडकी.

काम मात्र भन्नाट! इंटरनेटच्या तळघरात बाजार भरतात. चोरलेली कार्डं, खोटी ओळखपत्रं, काय वाट्टेल ते. आपल्या गिऱ्हाइकांची कार्डं तिथे विकायला आली का, यावर आमच्या ऑफिसने लक्ष ठेवायचं म्हणून बँका आम्हाला पैसे देतात. पोलिसांना माहीत आहे, सगळं रीतसर आहे.

बाजार शोधून सापडत नाही. आतल्या कुणीतरी आमंत्रण दिलं तरच दार उघडतं. पत्ताही सारखा बदलतो, आणि हुबेहूब तशीच नकली दारं लावून लोक परवलीचे शब्द चोरायला टपलेले असतात. म्हणून पहिल्या दिवशी आपण बाजाराला आपलं एक गुपित वाक्य सांगून ठेवायचं. रोज दाराशी ते वाक्य दिसलं तर दार खरं, नाहीतर आल्या पावली मागे फिरायचं. चष्मेवाला म्हणाला, इथे आधी दार आपली ओळख पटवतं, मग आपण. माझं वाक्य मी इथे लिहिणार नाही. एवढी अक्कल आली एका दिवसात.

७ एप्रिल, शुक्रवार

आज पैशांचं कळलं. सगळे चोरावर मोर, मग व्यवहार व्हावा कसा? तर गिऱ्हाइकाने मोबदला विकणाऱ्याच्या हातात द्यायचाच नाही, मधल्या पेटीत ठेवायचा. त्या पेटीला तीन किल्ल्या. एक घेणाऱ्याची, एक देणाऱ्याची, एक मध्यस्थाची. कुठल्याही दोन लागल्या की पेटी उघडते. माल नीट पोचला तर घेणारा आणि देणारा मिळून उघडतात. भांडण झालं तर मध्यस्थ दोघांचं ऐकून घेतो आणि ज्याची बाजू खरी त्याच्या किल्लीला आपली किल्ली जोडतो. किल्ली म्हणजे अर्थात आकड्यांची, हातात धरायची नव्हे. ती लावली की आपली सही झाली, आणि झालेली सही देवालाही पुसता येत नाही.

या बाजारातली सगळ्यात भरवशाची मध्यस्थ म्हणजे ‘आत्याबाई’. आणि आत्याबाई म्हणजे आमची धाकटी! तिने हे सोंग वर्षानुवर्षं जपलं आहे. दुसरे मध्यस्थ पेट्या घेऊन गाशा गुंडाळतात, आत्याबाई कधी नाही. म्हणून चोर स्वतःच्या पायाने तिच्यापाशी भांडणं घेऊन येतात आणि आम्हाला घरबसल्या बातमी मिळते. अर्ध्या बाजाराची खात्री आहे की हा कुणीतरी बाप्या आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर, असं म्हणून चष्मेवाला खिदळत होता.

धाकटीला आता केबिन मिळाली. आत्याबाईंचं टेबल माझं. धाकटीने तीन गोष्टी घोकून घेतल्या. निकाल त्याच दिवशी द्यायचा नाही, ‘झोपून उठल्यावर सांगते’ असं लिहायचं. शेवटी ‘जपून राहा’. आणि निकाल कुणाच्या तोंडाकडे बघून द्यायचा नाही. ऑफिसचाही एक नियम आहे, या टेबलावरचं माणूस बदललं की चष्मेवाला किल्ली बदलतो. जुनी त्या क्षणापासून निकामी.

११ एप्रिल, मंगळवार

दोन भांडणं निकालात काढली. तक्रारी ऐकणं हा माझा हातखंडा, त्यात मला कुणी शिकवू नये. पण संध्याकाळी एका कार्डचोराने लिहिलं, आत्याबाई, तब्येत बरी नाही का? आज बोलणं तुमच्यासारखं वाटत नाही. दुसऱ्याने लिहिलं, हो ना, काहीतरी कोरडं वाटतंय.

चोरांनी! ज्यांनी तिला पाहिलं नाही, ज्यांना तिचं नाव ठाऊक नाही, त्यांनासुद्धा ती आणि मी यातला फरक कळला. साहेब म्हणाले, काही दिवस तुमचे मजकूर धाकटीला दाखवून पाठवत जा. धाकटीने माझी वाक्यं इकडून तिकडे केली, एक शब्द काढला, एक घातला. बाजारातून लगेच उत्तर आलं, आत्याबाई बऱ्या झाल्या वाटतं! धाकटी मला म्हणाली, अगं ताई, हे बोलणं मी तुझ्याकडूनच तर शिकले. असं बोलते आणि वर खरं बोलते. तिने एकदा तरी तोरा दाखवला असता तर मला मोकळेपणी भांडता आलं असतं.

१४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी आईचा फोन येतो, रोजच. धाकटी जेवली का? धाकटीला खोकला होता, गेला का? तिला म्हणावं फार दमू नकोस. पंधरा वर्षं आईचं पथ्यपाणी मी केलं, पाय मी चेपले, दवाखान्याच्या रांगेत मी उभी राहिले. धाकटी सुट्टीत यायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि त्यावर आई वर्षभर जगायची. सेवा माझी, माया तिच्यावर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

आज मीच म्हटलं, आई, मीही जेवले हो. आई म्हणाली, तुझं काय, तू आहेसच घट्ट. आणि फोन धाकटीला द्यायला सांगितला.

लिहून टाकते म्हणजे मनातून जाईल. मला तिचा हेवा वाटतो. केबिनचा नाही, पगाराचा नाही. काहीही न करता ती लोकांना आवडते याचा.

१८ एप्रिल, मंगळवार

बाजारात ‘अख्खा’ नावाचा माल असतो. म्हणजे एका माणसाचं सगळं एकत्र. नाव, जन्मतारीख, कागदपत्रं, सही, आवाज, परवलीचे शब्द. अख्खा विकत घेतला की त्या माणसाच्या नावाने काहीही करता येतं. असे विकणारे ढिगाने आहेत. पण आज जुन्या भांडणांची पानं चाळताना एका दुकानदारणीचं नाव दिसलं, ‘रफूवाली’. तिच्या दुकानावर दोनच ओळी आहेत. शिवण दिसणार नाही. अख्ख्याच्या बदल्यात अख्खा.

पैसे घेतच नाही ही! दुसऱ्याचा अख्खा हवा तर मोबदला म्हणून आपला स्वतःचा पेटीत ठेवायचा. खाली गिऱ्हाइकांचे शेरे. उत्तम काम. घरच्यांनाही कळलं नाही. एकाने लिहिलं होतं, शिवण कुठे आहे ते आता माझं मलाच सापडत नाही.

अंगावर काटा आला, पण पान बंद करवलं नाही.

१९ एप्रिल, बुधवार

केलं.

आधी आत्याबाईंकडून आमंत्रण काढून माझं स्वतःचं खातं उघडलं, नाव ‘थोरली’. त्या खात्यावरून रफूवालीकडे धाकटीचा अख्खा मागितला. कुणी विचारलंच तर सांगेन, ही बाई खरी का फसवी ते तपासत होते. अशा चाचणीच्या खरेद्या ऑफिस करतं, साहेबांच्या परवानगीने. मी परवानगी मागितली नाही.

पेटीत माझा अख्खा ठेवला. कागदपत्रं, सह्या, लहानपणचे फोटो, मी दहा मिनिटं बोलत असल्याचा आवाज. काय बोलायचं ते सुचेना, मग धाकटीबद्दलच बोलले. दहाची वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही.

घाबरण्यासारखं यात काही नाही. नीट विचार केला आहे. पेटीला किल्ल्या तीन. घेणाऱ्याची माझ्याकडे, मध्यस्थ आत्याबाई, म्हणजे तीही माझ्याकडेच. रफूवालीकडे एकच. माझ्यावाचून पेटी उघडूच शकत नाही, आणि मी कधीही माझ्या दोन किल्ल्या लावून सौदा मोडू शकते. व्यवहार मोडला की माल परत, हा बाजाराचा नियम. इतकी सुरक्षित खरेदी आजवर कुणी केली नसेल.

२१ एप्रिल, शुक्रवार

माल-बिल काही आला नाही. नुसता निरोप, पोचतं केलं. बघा, फसवीच निघाली!

असं म्हणत होते आणि दुपारी आईचा फोन आला. म्हणाली, बाळा, जेवलीस का?

मला आयुष्यात कधी बाळा म्हणाली नव्हती. मग म्हणाली, धाकटे, तुझा आवाज ऐकला की मला औषध लागत नाही बघ. मी चूक सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं, आणि ताईचं काय? आई म्हणाली, ताई होय, असेल तिच्या कामात, ती घट्ट आहे.

धाकटी समोरच्या खुर्चीवर बसली होती, फोनसाठी हात पुढे करून. आईने तिला बोलावलंच नाही. मी फोन ठेवला. किती गोड वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

२४ एप्रिल, सोमवार

ऑफिसच्या दारावरच्या यंत्राने धाकटीचं बोट घेतलं नाही. माझं टेकवलं तर दार उघडलं आणि यंत्रावर तिचं नाव आलं. चष्मेवाला म्हणाला, बिघडलंय मेलं. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोसुद्धा मला तिच्या नावाने हाक मारत होता. साहेबांनी मला हळूच विचारलं, कोपऱ्यात उभ्या आहेत त्या बाई कोण? आणि तुम्ही बाहेर का बसलात, केबिन रिकामी पडली आहे.

मी केबिनमध्ये जाऊन बसले. खुर्ची फिरते. चहा न मागता आला. चष्मेवाला माझ्या विनोदावर हसला, आणि विनोद काही खास नव्हता.

धाकटी दिवसभर काचेबाहेर इकडून तिकडे फिरत होती. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही ते आठवत नसलं की माणूस जसं मधेच थबकतं, तशी थबकायची. मी काच लावून घेतली.

२५ एप्रिल, मंगळवार

घरी आले तर धाकटी मागच्या खोलीत, माझ्या पलंगाच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन. मला बघून उठली. म्हणाली, अहो, ही खोली भाड्याने आहे असं वाटलं मला. तुम्ही राहू द्याल का थोडे दिवस?

अहो. तुम्ही.

मी हसले, म्हटलं, पुरे झाली चेष्टा. ती चेष्टा करत नव्हती. जन्मल्यापासून जिला मी अगं-तुगं केलं, जिची वेणी घातली, जी तापात माझ्याच कुशीत झोपायची, ती माझ्यासमोर परक्या बाईसारखी पदर सावरून उभी होती. हेवा कुठल्या कुठे पळाला. ती मला नको होती असं नाही हो. तिच्यासारखी माया मला हवी होती, एवढंच.

उद्या ऑफिसात गेल्या गेल्या दोन्ही किल्ल्या लावून सौदा मोडायचा. घरातून तो बाजार उघडता येत नाही, नाहीतर आत्ताच मोडला असता.

२६ एप्रिल, बुधवार

सकाळी सौदा मोडायला हात संगणकाकडे गेला होता. मग वाटलं, दुपारी आईचा फोन येईल. तेवढा एकच घेऊ. मग मोडू.

आई पाऊण तास बोलली. माझ्या जन्माची गोष्ट सांगितली, म्हणजे धाकटीच्या. माझ्या स्वतःच्या जन्माची गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही.

उद्या नक्की.

२७ एप्रिल, गुरुवार

उशीर केला. माझं डोकं फुटलं होतं का काल?

आत्याबाईंच्या टेबलावर धाकटी बसली आहे. साहेब म्हणाले, सोमवारपासून एक बाई काम मागत कोपऱ्यात उभी होती, नावगाव धड सांगता येत नाही, पण लिहिते फार छान, म्हणून दया येऊन ठेवून घेतली. टेबलावरचं माणूस बदललं, चष्मेवाल्याने नियमाप्रमाणे किल्ली बदलली. माझ्याकडची आत्याबाईंची किल्ली निकामी.

आता माझ्याकडे एकच उरली. रफूवालीकडे एक. आणि आत्याबाईंची धाकटीकडे. ज्याच्या किल्लीला ती आपली जोडेल, त्याचं खरं.

‘थोरली’च्या खात्यावरून तक्रार घातली. सौदा मोडा, माल परत घ्या, माझी चूक झाली. काचेतून दिसत होतं, तिने वाचलं. उत्तर आलं, ऐकलं. झोपून उठल्यावर सांगते. जपून राहा.

बाजारात नुसता उत्सव. आत्याबाई परत आल्या! त्यांचं बोलणं परत आलं! नाव नाही, गाव नाही, स्वतःची ओळखसुद्धा उरलेली नाही, आणि तरी ही त्यांची लाडकी. चष्मेवाला तिच्या टेबलाशी रेलून हसत होता. पुन्हा तोच हेवा. हे लिहिताना स्वतःचीच किळस येते.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज सांगून टाकायचं म्हणून उठले होते. तिच्याजवळ जायचं, सगळं कबूल करायचं, माझ्या किल्लीला तुझी लाव म्हणायचं. एवढं सोपं.

त्याआधी तीच केबिनमध्ये आली. मॅडम, एक अवघड भांडण आहे, विचारू का, म्हणाली. माझीच तक्रार! खुर्चीच्या टोकाला बसून मला समजावून सांगू लागली. घेणारीने माल घेतला, वापरला, आणि आता परत घ्या म्हणते. नियमाने बसत नाही. पण मॅडम, मला तिची फार दया येते. बिचारीला आयुष्यात कुणी जवळ केलं नसावं. असल्या माणसासाठी नियम थोडा वाकवला तर?

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. हो.

पण बिचारी म्हणाली ती मला. माझ्याच बहिणीने, माझ्याकडून शिकलेल्या त्या मऊ आवाजात, माझीच दया. सगळं गमावून बसली आहे आणि अजून माझ्यापेक्षा मोठी! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, दया घरी करायची. नियमाप्रमाणे काय ते कर.

ती हो म्हणून उठली. दार हळूच लावून गेली.

जीभ हासडून टाकायला हवी होती. मागे धावायला हवं होतं. मी कागद लावत बसले.

२९ एप्रिल, शनिवार

निकाल आला. माल पोचला. घेणारीने तो आवडीने वापरला. वापरलेला माल परत होत नाही. मोबदला रफूवालीला द्यावा. निकाल कुणाच्या तोंडाकडे बघून दिलेला नाही. जपून राहा.

सही झाली. पेटी उघडली. आत मी होते —

धावत बाहेर गेले. टेबल रिकामं. साहेबांना विचारलं, ती कुठे गेली? म्हणाले, कोण ती? त्या टेबलावर तर तुमची ताई यायची आहे ना, तुम्हीच शब्द टाकला होता.

घरी मागची खोली झाडून पुसून ठेवलेली. पिशवी नाही. पलंगावर चुणीसुद्धा नाही. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या नावाला मीच ओ दिली.

३० एप्रिल

बँक कुठल्या रस्त्यावर होती? खिडकी डावीकडे का — रोज बसत होते, मला माहीत असायलाच हवं. आईचे पाय चेपलेले आठवत नाहीत. तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं आठवतं. ते कधी केलं मी?

ही वही सुरुवातीपासून वाचली. कुणी लिहिलंय हे? किती जळते ही बाई माझ्यावर. मी काय वाकडं केलं होतं हिचं —

नाही. मी लिहिलं. मी. मी थोरली. मी थोरली. मी

२ मे

आईचा फोन. म्हणाली, ताई निघाली गं तुझ्याकडे, सांभाळून घे, तिचा स्वभाव थोडा — पण मनाने चांगली आहे.

आई, कुठली ताई? विचारलं नाही. काय विचारणार.

३ मे

आली.

माझं नाक, माझी चाल, पेटीत ठेवलेला तो माझा आवाज. माझ्यासारखीच बोलते, हसते. मला मिठी मारली. किती छान घर गं तुझं, म्हणाली. केबिन बघून म्हणाली, किती मान आहे गं तुला. चष्मेवाल्याशी बोलताना मी हसले, तर ती काचेतून —

ती नजर. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. साहेबांना नाही, आईला नाही. मी ओळखते ती. आतून ओळखते.

९ मे

चोरांनी तिला विचारलं, आत्याबाई, तब्येत बरी नाही का.

तिचे मजकूर मी सुधारत नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. मी म्हणते, ताई, तुझंच छान आहे. ते ऐकून तर ती जास्तच —

१८ मे

आज तिच्या पाया पडले. म्हटलं, ताई, पुढची खोली तू घे. केबिन घे, मी साहेबांना सांगते. माझं जे जे खुपतं ते सगळं घे, पण ते दुकान बघू नकोस, त्या बाईकडे जाऊ नकोस. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत होती. मग गालावरून हात फिरवून म्हणाली, वेडी आहेस का गं, तुझं तुझ्यापाशी सुखाने राहू दे, मला कशाला हवं?

कसली बाई, कसलं दुकान, असं तिने एकदाही विचारलं नाही.

२० मे

आईचा फोन आला नाही काल. आजही दुपार होत —

वाजतोय. पुढच्या खोलीत. मी इथे मागच्या खोलीत का बसले आहे — हे निळे पडदे —

उचलला तिने. म्हणतेय, हो आई, जेवले. हो, धाकटीच बोलतेय. आणि आई हसतेय, इथपर्यंत ऐकू येतंय, आई म्हणतेय बाळा —

आई, अगं ती नव्हे. आई, मी आहे, मी इथे, माझं नाव